रुमालाखालचा भाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरच्या अ‍ॅपवर एकाच वस्तूचा भाव माणसागणिक बदलतो, ही कुजबुज आता आमच्या दुकानाच्या कट्ट्यावरही ऐकू येते. मी कोल्हापुरात राजारामपुरीत किराणा दुकान चालवतो. परवा घरातले दोन मोबाइल शेजारी ठेवून एकच अ‍ॅप उघडलं. पत्ता तोच, कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीटही तेच. सुनेच्या मोबाइलवर भाव कमी, माझ्या मोबाइलवर बारा रुपये जास्त. कंपनीला फोन लावला, तर ‘ऑफर ग्राहकानुसार असते’ एवढंच उत्तर मिळालं. कुठल्या ग्राहकाला आणि का, ते पलीकडच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

वेगळा भाव म्हणजे लगेच लूट, असं मी म्हणणार नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसून तसं म्हणायला तोंडच नाही. लग्नाचं सामान कुणी एकदम उचललं, तर तेलाच्या डब्यामागं मीही चार पैसे सोडतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. शेजारी बसलेला पुरुष पूर्ण पैसे मोजतो आणि कुरकुर करत नाही, कारण नियम सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनीत तर विचारूच नका. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला दीड हजार सांगायचे, त्यानं नऊशे म्हणायचं, दोन पावलं पुढं गेला की मागून हाक येतेच, ‘ओ पाव्हणं, या, शेवटचं बोला!’ यात पाव्हण्याला थोडं जास्त पडतं, हे खरं. पण त्याला घासाघीस करता येते, शेजारच्या दुकानात विचारता येतं आणि बाजूच्या गिऱ्हाइकाचा सौदा त्याच्या कानावर पडतो.

अ‍ॅपवर नेमका हा कानच बंद केलाय. जुन्या बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे, भाव त्या दोघांनाच कळायचा. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. गुरांच्या बाजारात ही रीत अजून दिसते. पुढं बाजार समित्यांचे कायदे आले आणि शेतमालाचा सौदा उघड बोलीनं करायचा, असा नियम झाला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारावर वाढली. आज मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांपुढं, म्हणजे ढेपांपुढं, सौदे निघतात तेव्हा शेतकऱ्याला स्वतःच्या कानानं बोली ऐकता येते. इतक्या खटपटीनं बाजूला केलेला तो रुमाल आता मोबाइलच्या रूपानं गिऱ्हाइकाच्याच खिशात आलाय.

कायदा नाही असंही नाही. एकाच पॅकबंद मालावर दोन वेगळ्या एमआरपी छापून गिऱ्हाइकाला नाडायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. पण ती छापील किमतीपुरती. एमआरपीच्या खाली कुणाला किती सोडायचं, ही विकणाऱ्याची मर्जी, आणि सगळा खेळ याच फटीत चालतो. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आणखी पुढं जातात. एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये, त्यांची मनमानी वर्गवारी करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आता मी आणि माझी सून एका वर्गात की दोन, हे ठरवणार कोण? सध्या तरी कंपनीच ठरवते, आणि सांगतही नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटिसा काढल्या. आयफोन आणि अँड्रॉइडवर एकाच प्रवासाचं भाडं वेगळं दिसतं, अशा तक्रारी होत्या. दोन्ही कंपन्यांनी इन्कार केला. बाहेरच्या माणसानं खरं-खोटं ताडायचं कसं?

अ‍ॅपमुळं धंदा बसला म्हणून हा ओरडतोय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे, धंद्याला फटका बसलाच आहे. पण माझ्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो, आणि नाही घेतला तर दंड होतो. त्याच खात्यानं चार वेगळे मोबाइल घेऊन, एकाच पत्त्यावर, एकाच वेळी अ‍ॅपवरचे भाव तपासायला काय हरकत आहे? आणि कंपन्यांना एवढी सक्ती करावी की सवलतीशेजारी तिचं कारण लिहायचं: नवीन गिऱ्हाईक, मोठी खरेदी, बँकेचं कार्ड, जे असेल ते. बिलावरही तेच छापायचं. सवलत बंद करा, असं माझं म्हणणं नाही.

तोवर वाचकांनीही घरातले दोन मोबाइल शेजारी ठेवून बघावं. फरक दिसला तर दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक किराणा दुकानदार
राजारामपुरी, कोल्हापूर