आजीचा डबा

चि. मुग्धास, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "रविवारी आजीची नाणी घासून लख्ख करते" म्हणालीस, तेव्हापासून चैन नाही. घासू नकोस. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीच नको. तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो ओरबाडला की खालचा उठावही झिजतो, भावही पडतो. आजी दर दिवाळीला चिंचेने घासायची, म्हणून तर आपल्या रुपयावरच्या व्हिक्टोरिया राणीला नाक उरलं नाही.

माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेव, मग सुती कापडावर टिप. पुसायचं नाही, टिपायचं. तांब्याच्या शिवराईवर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ती वेगळ्या डबीत, सिलिका जेलसोबत. ओलसर हवेत ती भुकटी तांबं खात जाते. नाणं धरायचं कडेने.

मऊ प्लॅस्टिकचे पीव्हीसी कप्पे घेऊ नकोस, त्यांतून नाण्यावर हिरवा चिकटा उतरतो. मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची, खिडकी असलेले दोन इंची पुठ्ठ्याचे चौकोन घे. स्टेपलरची पिन पकडीने चपटी कर, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा उठतो.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटाही घे. राणीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर तोळा. पण नुसत्या वजनावर जाऊ नकोस: १९४० पासूनच्या रुपयाचं वजन तेच, चांदी मात्र निम्मी. १९४७ चा तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो.

जुनी नाणी विकत घेण्याची घाई नको. आधी सुट्ट्या पैशांतले एक रुपये जमव, साल आणि टांकसाळीप्रमाणे. सालाखाली पत्त्यांतल्यासारखी चौकट दिसली तर मुंबई, तारा हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तुझी नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण, भिंगाशिवायही ओळखशील. आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नकोस.

बघ, व्याख्यान झालंच. रागावू नकोस. नागपुरात एकटी आहेस, आणि डबाही तिथे, म्हणून जीव खालीवर होतो. डब्याचं कुणाला सांगितलं नाहीस ना?

दिवाळीला येताना तो बिननाकाचा रुपया आण, लक्ष्मीपूजनाला तोच लागतो. त्यावरचं कुंकू तसंच राहू दे. तोसुद्धा घासू नकोस.

तुझे,
बाबा