बाबा, पट्ट्याची जाहिरात माझी नाही

पुणे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही वैतागलात, की एकदा गुडघ्याचा पट्टा काय बघितला, आता क्रिकेटचा स्कोअर उघडला तरी पट्टाच! "तुझ्या लोकांना सांग बंद करायला" म्हणालात. ती जाहिरात आमची नाही, पण ऑनलाइन जाहिरातींचा धंदा आमचाच, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही ज्या साइटवर किंमत बघून बाहेर पडलात, तिथे एक छोटा कोड बसवलेला असतो. या फोनवरून कुणीतरी पट्टा बघितला आणि घेतला नाही, एवढं तो टिपून ठेवतो. पुढे तुम्ही स्कोअर उघडता तेव्हा पान दिसायच्या आत त्यातल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होऊन जातो. विमेवाले, चपलावाले, पट्टेवाले, सगळ्यांच्या वतीने मशीनच बोली लावतं. पट्टेवाल्याच्या लेखी तुम्ही जवळजवळ गिऱ्हाईक झालेले, म्हणून तो तुमच्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. आम्ही याला रिमार्केटिंग म्हणतो.

रागावू नका, पण तुम्ही तरी औषध कंपनीचे एमआर म्हणून डॉक्टरांकडे फिरताना वेगळं काय करत होतात? लातूर हेडक्वार्टर, उदगीर-निलंग्याच्या फेऱ्या आणि ती डायरी. कुणाची ओपीडी किती वाजता सुटते, कोण कुठला ब्रँड लिहितं, कुणाची मुलगी बारावीला आहे. संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरला टेकून कुठल्या डॉक्टरांच्या किती चिठ्ठ्या आल्या, तेही टिपायचात. मी आज तेच करते. फक्त बॅग घेऊन आलेला माणूस कशाला आलाय, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असायचं. आमचं गिऱ्हाईक आम्हाला बघतच नाही, आणि हे मला अजून पूर्ण पचलेलं नाही. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर 'या अ‍ॅपला माग काढू द्यायचा का?' असं विचारायला लावलं, तेव्हा आमच्या ऑफिसात सुतक पडलं होतं. मला मात्र ते बरोबरच वाटलं.

कामही झपाट्याने बदलतंय. पूर्वी जाहिरात कुणाला दाखवायची, कुठल्या शहरात, किती वयाच्या लोकांना, हे आम्ही ठरवायचो. आता गुगलला किंवा फेसबुकला फोटो, मजकूर आणि बजेट दिलं की गिऱ्हाईक ते शोधतात. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आल्यापासून मजकुराचे वीस नमुनेही चहा निवायच्या आत तयार होतात. त्यातले अठरा टाकाऊ असतात, पण ते ओळखायला माणूस लागतो, म्हणून माझी नोकरी शाबूत आहे. (आई, काळजी करू नकोस.)

मागे एका कुकर कंपनीच्या जाहिरातीचे दोन फोटो एकाच वेळी चालवले. एक स्टुडिओतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर चकचकीत. दुसरा टीममधल्या मुलीने घरी मोबाइलवर काढलेला. झाकणाच्या कडेने वरणाचा पिवळा ओघळ, मागे तेलकट फरशा. कंपनीच्या साहेबांना तो लाजिरवाणा वाटला. विक्री त्याच फोटोने जास्त केली. का, ते स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. माणसाने कुठे बोट टेकवलं, व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडला, सगळं कळतं, पण मनात काय होतं ते नाही. तुम्ही निदान डॉक्टरांना विचारू शकायचात, "सर, आमचं सिरप का बंद केलंत?" म्हणून मी अधूनमधून गिऱ्हाइकांना सरळ फोन लावते. टीममधली पोरं हसतात. हसू देत.

आता आईसाठी. भिशीच्या ग्रुपवर तू पाठवलेला 'शुगर मुळापासून बरी' वाला व्हिडिओ खोटा आहे. त्यातले डॉक्टर खरे असले तरी आवाज मशीनने बनवलेला आहे. ओठ नीट बघ, शब्दांशी जुळत नाहीत. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, बाबांना विचार. ते चूर्ण मागवू नकोस, आणि ग्रुपवर तसं लिहूनही टाक.

बाबा, गुगलच्या 'माय अ‍ॅड सेंटर'मध्ये जाऊन वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. जाहिराती थांबणार नाहीत, पण अशा मागे लागणं बरंच कमी होईल. पासवर्ड लागला तर तो कॅलेंडरच्या मागे तुम्हीच लिहून ठेवलाय. काम झालं की आधी तो खोडा.

तुमची,
मनू