आधी झाकण उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाच वर्षांहून जुना डेस्कटॉप बदलूनच टाका, अशा अर्थाचा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी घरोघरी जाऊन संगणक दुरुस्तीचं काम करते. तो लेख आल्यापासून ‘ताई, आमचाही बदलायचा का?’ असे फोन येत आहेत. प्रोसेसर म्हणजे मुख्य चिप कोणती, रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी किती, आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे की चिपांवर माहिती ठेवणारी एसएसडी, असं विचारलं की पलीकडे शांतता. संगणक कधी घेतला तेवढं मात्र सगळ्यांना पाठ असतं. नुसत्या वयावरून हा निर्णय करता येत नाही आणि लेखात नेमकं तेच केलं आहे, म्हणून हे पत्र.

‘फार हळू चालतो’ अशी तक्रार असलेल्या जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांत दोष प्रोसेसरचा नसतो, फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. माहितीचा एखादा तुकडा हवा असला की वाचणारी सुई त्या जागी सरकणार, तबकडी फिरून तिच्याखाली येणार, मग वाचन. यात दर खेपेला साधारण १० मिलिसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलाव्या लागतात आणि प्रोसेसर तोवर रिकामा बसून राहतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर उरकतं. नुसतं फॉरमॅट मारून ही अडचण जात नाही. चार दिवस बरं वाटतं, मग अपडेट आणि अँटिव्हायरस पुन्हा डिस्क कुरतडायला लागतात.

हे घरच्या घरी तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. रोजचं काम करत असताना त्यातले आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०–१५ टक्क्यांवर असेल, तर एसएसडी टाका आणि बाकी कशाला हात लावू नका. मेमरी, म्हणजेच रॅम, ९० टक्क्यांच्या वर चिकटून बसली असेल तर रॅम वाढवा. साधं पत्र टाइप करताना आणि दोन-चार टॅब उघडताना प्रोसेसरच १०० टक्क्यांवर जात असेल आणि मागे व्हायरस किंवा अडकलेलं अपडेट चालू नसेल, तर मात्र त्या यंत्रावर पैसे घालू नका. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, मग माझं काम गेलं तरी चालेल.

हिशेब लिहिण्याचं काम करणाऱ्या एका बाईंचं यंत्र इंटेल कंपनीच्या चौथ्या पिढीतल्या आय-फाइव्ह प्रोसेसरचं होतं, ४ जीबी रॅम आणि मूळची हार्ड डिस्क. नवं घ्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांचं काम म्हणजे स्प्रेडशीट, ईमेल, ब्राउझर. एक साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी, बसवली, रॅम ८ जीबी केली. त्या मदरबोर्डावर (आतल्या मुख्य पाटीवर) नव्या पद्धतीची, जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडी घेऊन उपयोग नव्हता, कारण तेवढ्या जुन्या बोर्डांवर तिला बहुधा जागा नसते आणि अडॅप्टर लावून बसवली तरी अनेकदा तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. साधी साटा एसएसडी पुरेशी आहे, रोजच्या कामात दोघींतला फरक हाताला जाणवत नाही. रॅम घेताना खाच बघावी लागते: डीडीआर-३ या जुन्या प्रकारची पट्टी डीडीआर-४ या नव्या प्रकारच्या बोर्डात बसतच नाही. आणि ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतलेल्या बऱ्या, बोर्ड दोन्हींशी एकाच वेळी बोलतो.

याउलट, मोबाइलवर काढलेले व्हिडिओ जोडून फिल्म बनवणारा एक मुलगा दुसऱ्या पिढीतला आय-सेव्हन घेऊन बसला होता. आय-सेव्हन आहे म्हणजे दणकट असणार, असा त्याचा समज. आजचे अनेक फोन एचईव्हीसी या प्रकारात व्हिडिओ साठवतात आणि तो उलगडण्याची सोय इतक्या जुन्या प्रोसेसरच्या आत नाहीच. शिवाय प्रोसेसरला कळणाऱ्या एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना इंटेलच्या चौथ्या पिढीपासून आल्या, काही नवी सॉफ्टवेअरं त्यांच्याविना सुरूच होत नाहीत. त्याला मी स्वच्छ सांगितलं, यात एक रुपयाही घालू नकोस. वय दोन्ही यंत्रांचं झालेलं होतं, पण बाईंचं काम त्या यंत्राला झेपत होतं आणि या मुलाचं झेपत नव्हतं.

आता विंडोजचा प्रश्न. लेखात तो दोन ओळींत उरकला आहे, लोकांची खरी धास्ती मात्र तिथेच आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळावेत, अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरची १००० मालिका यात बसत नाही आणि २००० मालिकेतलेही काही सुटतात, म्हणून नेमका मॉडेल क्रमांक अधिकृत यादीत पाहावा. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेलं, उत्तम चालणारं सातव्या पिढीचं यंत्र नुसत्या नियमाने बाहेर पडलं. मला याचा मनापासून राग आहे. त्या यंत्रांचं काही बिघडलेलं नाही.

पण काही यंत्रं नियमात बसत असूनही लोकांना बाद वाटतात. आठव्या पिढीचा संगणक, आणि पडद्यावर ‘हे यंत्र विंडोज ११ चालवू शकत नाही’ असा संदेश. एका गृहस्थांना यावरून एका दुकानात नव्या संगणकाची यादीसुद्धा लिहून मिळाली होती. प्रत्यक्षात टीपीएम त्यांच्या यंत्रात आधीपासूनच होता, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद होता एवढंच. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. तो सुरू करायचा, डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर बॅकअप घेऊन ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलायची, मग संगणक सुरू होणं यूईएफआय या नव्या पद्धतीवर न्यायचं. नवा भाग एकही लागत नाही.

जी यंत्रं खरोखरच यादीबाहेर आहेत, त्यांच्यावर आडमार्गाने विंडोज ११ बसवून देणारे लोक आहेत. मी बसवत नाही, निदान ज्यावर बँकेचे व्यवहार किंवा दुसऱ्यांचे हिशेब आहेत अशा यंत्रावर तरी नाही, कारण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा वेळी मी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुचवते. ब्राउझर, ईमेल, लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी टायपिंग एवढंच ज्यांचं काम आहे त्यांचं त्यावर अडत नाही. पण एखादं ठरावीक हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या फाइली असतील तर आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. सगळ्यांना सरसकट लिनक्स घ्या म्हणणं हेही तितकंच चुकीचं.

जुनं यंत्र वापरलेल्या स्थितीत विकत घेणाऱ्यांसाठी तर आपल्या लेखात काहीच नव्हतं. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्यावर कधीही भुलू नका. आय-फाइव्ह २४०० हा २०११ चा, चार कोअरचा, म्हणजे काम वाटून घेणारे चार भाग आत असलेला. आय-फाइव्ह ८४०० हा २०१७ चा, सहा कोअरचा. चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो, पाच आकडी असेल तर पहिले दोन. आय-थ्री ८१०० मध्येही चार कोअर आहेत आणि तो त्या जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. कार्यालयांतून निघालेली बारीक अंगाची ब्रँडेड यंत्रं घरकामाला उत्तम, पण त्यांचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि बोर्ड बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. ते गेले तर बाजारातला साधा भाग बसत नाही आणि ग्राफिक्स कार्डही बुटकंच घ्यावं लागतं. झाकण उघडून दाखवायला सांगा, बोर्डावरचे कॅपॅसिटर, म्हणजे छोट्या नळकांड्यांसारखे भाग, फुगलेले दिसले तर परत फिरा. डिस्क किती तास चालली आहे आणि तिच्यात खराब सेक्टर, म्हणजे नीट न वाचता येणारे तुकडे, किती, हे क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत कळतं. विंडोजचा परवाना बहुतेक वेळा बोर्डाला बांधलेला असतो, म्हणून बोर्ड बदललेलं यंत्र असेल तर परवान्याचं वेगळं विचारा.

विजेचा मुद्दा लेखात होता आणि तो खोटा नाही. दिवसभर चालू राहणारं यंत्र असेल, तर नवा छोटा पीसी बराच कमी वॅट खातो. संध्याकाळी तासभर लावायच्या संगणकासाठी मात्र एवढ्या एका कारणाने नवा घेण्यात अर्थ नाही. आणि टाकून दिलेल्या यंत्रांचं काय होतं तेही पाहायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचं रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या पुरवणीत टास्क मॅनेजरमधले हे तीन आकडे कसे वाचायचे, ते पडद्याच्या चित्रासह छापावं. सोबत बायोसमध्ये टीपीएम कुठे सापडतो त्याचंही एक चित्र द्यावं. आणि झाकण उघडण्याआधी, एसएसडी मागवण्याआधी, सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, हे ठळक अक्षरांत यावं. खराब सेक्टर वाढत चाललेली डिस्क बंद केली की पुन्हा सुरू होईलच असं नसतं, आणि घरच्यांचे फोटो बहुतेकदा तिच्यावरच असतात.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक