घरी येताना वारा पाठीशी असतो

लंडन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा न्हाणीत घसरून पडले, मनगटाला प्लास्टर बसलं, आणि मला कळलं ते नवव्या दिवशी. तेही मावशीच्या तोंडून निघून गेलं म्हणून. आई, तुला विचारलं तर म्हणालीस, "उगं कशाला सांगावं? तू इतक्या लांब. लेकराच्या जिवाला घोर." ते "इतक्या लांब" दोन रात्री माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आज सगळा हिशेब लिहून पाठवते.

बाबा, पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजायला तुम्हीच शिकवलंत. लंडन ते मुंबई दोरा धरला तर साधारण 7,200 किलोमीटर भरतात. तिकडे येताना विमानाला नऊएक तास लागतात, इकडे परतताना तासभर जास्त, कारण तेवढ्या उंचीवर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. घरी येताना वारा पाठीशी असतो, बाबा. मधल्या एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर मात्र वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

आता परभणी ते मुंबई बघा. साडेपाचशे किलोमीटर, आणि तपोवन एक्स्प्रेसला दहाएक तास. डबा बांधून कितीदा गेलात! तेव्हा कधी लांब वाटलं नाही.

खरा वेळ विमानाच्या बाहेरच जातो. घरातून हीथ्रोला दीड तास, तिथे तीन तास आधी पोचायचं, मुंबईत शिक्के आणि सामान, मग सीएसएमटीवर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसची वाट बघायची. आज संध्याकाळी निघाले तर परवा सकाळी परभणी स्टेशनवर. देवगिरीचं तिकीट नाही मिळालं, तर संभाजीनगरपर्यंत विमान आणि पुढे जालन्यावरून गाडी करून येईन. तुम्ही हाक मारली की लगेच दारात उभी राहू शकत नाही, हे मला रोज टोचतं. पण दीड-दोन दिवसांत येऊ शकते. नऊ दिवस मला नुसतं माहीतच नव्हतं, आई.

लेक झोपली असेल, असंही मनात आणू नका. तुम्ही पहाटे पाचला उठता तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातील, मग साडेअकराच. फोन उशाशीच असतो. कधीही करा.

न्हाणीत धरायला दांडी आणि खाली खरबरीत फरशी या आठवड्यातच बसवून घ्या, पैसे पाठवलेत. आणि प्लास्टर कधी काढणार ते डॉक्टरांना विचारून कळवा. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय, फक्त तारीख घालायची आहे.

तुमची लेक