पिंपातली काळी बिअर थंडगार पिऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी बिअरविषयी आलेला लेख वाचला. लाकडी पिंपात मुरवलेल्या स्टाउट या काळ्या बिअरवर मराठीत कोणी लिहिते, याचाच मुळात आनंद झाला. मात्र लेखात तिचे वर्णन ‘व्हिस्की मिसळलेली स्ट्राँग बिअर’ असे केले असून ती थंडगार करून, माणशी एक बाटली या हिशेबाने घ्यावी, असा सल्लाही दिला आहे. ज्या शहराने या प्रकाराला नाव मिळवून दिले त्या शिकागोत मी बरीच वर्षे राहतो आहे आणि ही बिअर आवडीने चाखतो आहे. त्या नात्याने सांगतो, की हा सल्ला पाळणाऱ्याला चव तर कळणार नाहीच, वर त्रास होईल तो वेगळा.

आधी त्या ‘मिसळण्या’विषयी. या बिअरमध्ये व्हिस्की ओतलेली नसते. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की ही आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बन करणाऱ्यांच्या दृष्टीने निरुपयोगी होते. अशी रिकामी पिंपे स्कॉटलंडच्या व्हिस्कीसाठी जातात, रमसाठी जातात आणि काही बिअर करणाऱ्यांकडे येतात. साधारण दोनशे लिटरच्या त्या पिंपाच्या फळ्यांत बरीच व्हिस्की मुरून राहिलेली असते. पूर्ण आंबवून तयार झालेली स्टाउट त्यात भरून आठ-दहा महिने, कधी वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ ठेवतात. गोदामातला उन्हाळा-हिवाळा बदलतो तशी ती लाकडात शिरते आणि परत बाहेर येते, आणि येताना व्हिस्कीबरोबर लाकडाचेही पुष्कळ काही घेऊन येते. पिंप भाजताना लाकडातील लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते, त्याच लाकडातील शर्करा करपून कॅरामेलची छटा येते, आणि अमेरिकी पांढऱ्या ओकमधील लॅक्टोन या द्रव्यांमुळे ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. व्हिस्की नुसती ओतून हे साधत नाही. त्यासाठी लाकूड आणि वेळ दोन्ही लागतात.

अल्कोहोलचे प्रमाण मुरवताना थोडेफार वाढते हे खरे, पण ही बिअर पिंपात जाण्याआधीच कडक असते, कारण ती करताना मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरपूर घातलेले असते. ही परंपरा लंडनची. तेथील थ्रेल यांच्या कारखान्यातील पोर्टर ही काळी बिअर रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास तयार केली जात असे आणि ती सात वर्षे टिकते, अशी नोंद १७९६ च्या एका इंग्रज चित्रकाराच्या रोजनिशीत सापडते. ‘इम्पीरियल स्टाउट’ हे नाव त्या दरबाराशी जोडलेले आहे. (समुद्रप्रवासात गोठू नये म्हणून ती कडक केली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तशाच कडक काळ्या बिअर लंडनकर आपल्या शहरातच पीत होते, तेव्हा त्या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवू नये.) बर्बनच्या पिंपाची जोड मात्र शिकागोची. गूस आयलंड या कारखान्याचे ग्रेग हॉल यांनी जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याकडून सहा पिंपे मिळवून त्यांत आपली स्टाउट भरली आणि त्यातून ‘बर्बन काउंटी’ जन्मली. कंपनी यासाठी १९९२ हे साल सांगत आली असली, तरी उपलब्ध पुरावा १९९५ कडे अधिक झुकतो. पुढे २०११ मध्ये हा कारखाना तीन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख डॉलरना ॲनहॉयझर-बुश या बलाढ्य कंपनीने विकत घेतला, आणि स्थानिक मंडळींनी त्यावर बराच राग काढला. तरीही नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी ती बाटली मिळवण्यासाठी भर थंडीत रांगा लागल्याच.

आता चाखण्याविषयी, कारण लेखात नेमके तेच राहून गेले आहे. बाटली शीतकपाटातून काढल्यावर निदान अर्धा तास बाहेर ठेवावी. बारा ते चौदा अंश सेल्सिअसला ही बिअर खुलते. चार अंशांवर तिच्यातले अर्धे वास दबून जातात आणि जिभेवर नुसता करपट कडूपणा उरतो. उंच ग्लासऐवजी तोंडाशी निमुळता होणारा छोटा पेला घ्यावा आणि तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरू नये. ओतताना ती काकवीसारखी संथ पडते. फेस विटकरी-तपकिरी आणि अगदी पातळ येतो व मिनिटभरात विरतो, कारण इतके अल्कोहोल फेसाला टिकू देत नाही. तेव्हा फेस नाही म्हणून बिअर शिळी, असे समजू नये. पेला तिरका करून फिरवला की काचेवर तपकिरी थर चढतो आणि सावकाश खाली ओघळतो.

नाक एकदम पेल्यात खुपसू नये, आधी झोंबते ते अल्कोहोलच. पेला थोडा दूर धरला की व्हॅनिला आणि खोबरे येते, त्यामागून काळे मनुके, कडू चॉकलेट, आणि अगदी तळाशी जळक्या लाकडाचा धूर. पहिला घोट चमचाभराचाच घ्यावा, कारण जिभेला सवय व्हायला तेवढा अवकाश लागतो. खरी चव दुसऱ्या घोटापासून कळू लागते. गोडवा पुढे येतो, मध्येच भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडूपणा त्याला आवर घालतो, आणि घोट उतरल्यावर छातीत ऊब पसरते. चांगल्या बिअरमध्ये ही ऊब जाणवते, पण घसा जळत नाही. घसा जळत असेल तर मुरवण्यात काहीतरी कमी पडले आहे, मग टक्केवारी कितीही मोठी छापलेली असो. पंधरा-वीस मिनिटांत पेल्यातली बिअर आणखी तापते आणि तेव्हा तिच्यात अंजिरासारखे काहीतरी उघडते, जे सुरुवातीला मुळीच नव्हते. ज्याने ती पाच मिनिटांत रिचवली त्याला हा भाग भेटतच नाही. अलीकडे याच बिअरमध्ये नारळ, दालचिनी, व्हॅनिला आणि काय काय घालून नवनवे प्रकार निघतात. माझ्या मते त्यांतल्या बहुतेकांत पिंपाचे म्हणणे ऐकूच येत नाही.

माणशी एक बाटली या सल्ल्याला माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे आठ टक्क्यांपर्यंतची बिअर. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांतही स्ट्राँग बिअरची व्याख्या पाच टक्क्यांच्या वर ते आठ टक्क्यांपर्यंत अशीच आहे. महाराष्ट्रातील वाचक तो शब्द त्याच अर्थाने वाचणार. शिकागोची ही बिअर साधारण चौदा टक्क्यांची असते आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत येते. म्हणजे एका बाटलीत ७० मिली शुद्ध अल्कोहोल होते. आपल्या ६५० मिलीच्या आठ टक्के स्ट्राँग बाटलीत ते ५२ मिली असते, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली लार्ज पेगमध्ये पावणेसव्वीस. अर्थात ही एक बाटली एकट्याने संपवणे म्हणजे पावणेतीन लार्ज पेग घेणे होय, आणि तेही गोडव्याच्या आडून, पत्ता न लागता. बाटली चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा मिली येते, साधारण ३३० मिलीच्या एका माइल्ड बिअरइतके. येथील जाणकार मंडळी जेवणानंतर अशीच बाटली फोडतात.

लेखातील ‘जितकी जुनी तितकी उत्तम’ हे वाक्यही सरसकट खरे नाही. एक-दोन वर्षांत अल्कोहोलची धार बोथट होते आणि मनुक्याची छटा वाढते, हे मान्य. पण पुढे हवेच्या संपर्काने ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, आणि कॉफी घातलेला प्रकार तर वर्षभरातच बसका होतो. कडक बिअर कधी बिघडत नाही, हाही समज चुकीचा आहे. २०१५ सालच्या बर्बन काउंटीच्या काही प्रकारांत लॅक्टोबॅसिलस जिवाणूमुळे आंबटपणा आला, कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली आणि पुढच्या वर्षापासून ती पाश्चरीकरण करू लागली. तेव्हा महागाची म्हणून जपून ठेवलेली बाटली आंबट लागली, तर ती मुरल्याची खूण समजून कौतुकाने पिऊ नये, सरळ मोरीत ओतावी.

लेखमालेच्या पुढील भागांत अशा पेयांचा उल्लेख येईल तेथे टक्केवारीशेजारी एका माणसाचे मापही मिलीमध्ये छापावे, एवढी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, शिकागो