जन्मभर विमा विकला आणि टेबलवर विम्यानंच गंडवलं

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मांडवीतल्या कॅसिनो बोटींबद्दल पेपरात नेहमीच काहीतरी येत असतं, बोटी हलवा, लायसन्स देऊ नका, टॅक्स वाढवा वगैरे. गोव्याच्या लोकांना १ फेब्रुवारी २०२० पासून आत खेळायला बंदी आहे, आणि आपल्या महाराष्ट्र सरकारने १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागू केलाच नव्हता तो २०२३ मध्ये सरळ रद्द करून टाकला, म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून बोटीवर जाणारे आपणच. पण टेबलवर बसल्यावर माणसाच्या डोक्यात काय होतं हे कोणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू, कारण मी २६ हजार घालवून आलोय आणि त्यात कोणी मला फसवलं नाही, पानं सरळ होती, वाकडं होतं ते माझं डोकं.

मी कुडाळचा, पंचवीसेक वर्षं विमा एजंट आहे. दिवाळीनंतर आम्ही तिघे मित्र गेलो. काउंटरवर पाचशेच्या नोटांचं बंडल देताना हात जरा जड झाला होता, पण त्याच्या चकत्या हातात आल्या आणि पैसे दिल्याची भावनाच गेली, कॅरमच्या सोंगट्या सरकवाव्यात तसं चाललं होतं सगळं. ब्लॅकजॅक म्हणजे पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यायची, राजा, राणी, गुलाम दहाचे धरायचे, २१ च्या वर गेलात की बस्ट म्हणजे डाव गेला, आणि डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याला, १७ होईपर्यंत पान घ्यावंच लागतं, एवढं माहीत होतं, लहानपणी गणपतीत जागरणाला पत्ते कुटलेल्या माणसाला अजून काय लागतं असं वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या डावात मला राजा आणि राणी आली, म्हणजे २०. लावलेले २ हजार. डीलरचा एक्का. त्या मुलीने टेबलवरून हात अर्धगोल फिरवला आणि म्हणाली, "इन्शुरन्स?" आता हा शब्द ऐकून माझ्यासारखा माणूस नाही कसा म्हणेल? लावलेल्याच्या निम्मे, म्हणजे १ हजार पुढे सरकवले. डीलरला गुलाम आला, एक्का आणि दहाचं पान म्हणजे ब्लॅकजॅक. माझे २ हजार गेले पण इन्शुरन्सचे दुप्पट, २ हजार मिळाले. मित्राला म्हटलं बघ, क्लेम पास झाला! त्यानंतर रात्रभरात नऊ-दहा वेळा तरी मी विमा घेतला असेन आणि एकदाही क्लेम लागला नाही, पण डोक्यात तो पहिला गुलामच बसला होता.

घरी आल्यावर पेन घेऊन बसलो. सहा कॅट म्हणजे ३१२ पानं, त्यात दश्शी, गुलाम, राणी, राजा मिळून ९६. डीलरचा एक्का दिसतोय म्हणजे उरली ३११. त्यातल्या ९६ वेळा दुप्पट मिळणार म्हणजे १९२, आणि २१५ वेळा लावलेले जाणार. २३ चा खड्डा इथेच. आणि माझ्या हातात तर राजा-राणी होते, म्हणजे ज्या पानांवर मी पैसे लावत होतो त्यातली दोन मीच धरून बसलो होतो! मग उरली ३०९ पैकी ९४, खड्डा २७ चा, हजार रुपयांमागे सरासरी ८७ रुपये. हात चांगला असला की तो वाचवावासा वाटतो, आणि नेमका तेव्हाच हा सौदा अजून वाईट असतो. मुळात हा विमा नाहीच हो, डीलरचं पुढचं पान दहाचं निघेल का यावरची ती वेगळी पैज आहे, तुमचा हात २० असो की १३, तिला काही घेणंदेणं नाही. आम्ही पॉलिसी विकतो तेव्हा निदान ज्याचं नुकसान त्यालाच पैसे मिळतात.

दुसरी गोष्ट माझ्या मित्राची. तो शेवटच्या खुर्चीवर होता, हातात १२, डीलरची छक्की. अशा वेळी थांबायचं असतं, त्याने पान मागितलं, दश्शी आली, बस्ट. त्या टेबलवर डीलर स्वतःचं दुसरं पान सगळ्यांचं झाल्यावरच काढायचा. आली पंजी, मग राजा, झाले २१, सगळं टेबल हरलं. एक गृहस्थ तर उठूनच ओरडले, तुझ्यामुळे डीलर वाचला! आम्हालाही पटलं, मित्राचं तोंड एवढंसं झालं. आता तुम्हीच मांडून बघा, त्याने दश्शी घेतली नसती तर ती डीलरला गेली असती, ६ आणि १० सोळा, मग पंजी, परत २१ च! चिडलेल्या सात माणसांपैकी ही साधी बेरीज कोणी केली नाही, मीपण नाही, आणि त्या रागात पुढच्या डावाला मी २ चे ५ हजार लावले. ते गेले हे सांगायला नकोच.

बाकी मग ठरलेलंच. तिसऱ्या मित्राने हजारावरून डबल करत जायचं ठरवलं, कधीतरी जिंकूच म्हणून. सलग सहा हरलं की ६३ हजार जातात आणि पुढचा डाव ६४ हजारांचा, तो चौथ्यालाच गार पडला.

आणि माझी अजून एक खोड, १२ किंवा त्याच्या वर गेलं की पान मागायचंच नाही, डीलरला सत्ती दिसू दे की दश्शी. आपल्या हाताने बस्ट झालो तर जिवाला जास्त लागतं, डीलरने हरवलं तर नशीब म्हणता येतं. या भित्रेपणामुळे कॅसिनोचा फायदा, नीट खेळलं तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तो सुमारे ४ टक्क्यांवर जातो. तासाला ६० डाव, हजार-हजारचे, तर ३०० रुपयांच्या जागी २४०० जातात. जेवण फुकट म्हणून आम्ही खूश होतो.

पेपरवाल्यांनी बोटींच्या बातमीशेजारी कधीतरी एवढं गणित छापलं तर बरं होईल.

तो १२ वाला मित्र डिसेंबरात परत जायचं म्हणतोय. त्याला मी हे सगळं कागदावर लिहून दिलं, इन्शुरन्सपुढे दोनदा 'नाही' लिहिलं. त्याने वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणतो, "पण तुका गावललो मां क्लेम?"

आपला,
एक विमा एजंट, कुडाळ