बाळाच्या घरी सहा फेऱ्या, म्हाताऱ्याच्या घरी एकही नाही

मा. संपादक,

१ ऑक्टोबरला आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक दिन झाला. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, दोन भाषणं. मंडपाच्या कडेला बीपी तपासायचं टेबल मांडलं होतं. माणूस आला की खुर्चीत बसवायचा, दंडाला पट्टा गुंडाळायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, पुढचा. मी ३६ वर्षं हेच काम केलं, आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, आणि शेवटी आरोग्य सहायिका म्हणून, त्यामुळे बसल्या जागी हात शिवशिवत होते. पण ज्यांच्यासाठी ते टेबल मांडलं होतं, त्यांतले निम्मे मंडपापर्यंत चढून येऊच शकत नव्हते. आमच्या पाटण तालुक्यात वाडी म्हणजे चढ आणि उतार. तरणी माणसं मुंबईला, नवी मुंबईत माथाडी कामाला. मागे घर राखायला म्हातारा-म्हातारी.

आमच्याच आळीत एक तात्या आहेत, वय ७८. गेल्या श्रावणात पहाटे न्हाणीकडे जाताना उंबऱ्यात पडले. नशीब, हाड वाचलं, कपाळाला टाके पडले. "वय झालं, पडायचंच," असं सगळे म्हणाले, तात्यासुद्धा. मी माझं बीपीचं मशीन घेऊन गेले. आधी पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि मोजलं, वरचा आकडा १४२. मग उभं केलं, एक मिनिट थांबले, पुन्हा मोजलं, ११२. तात्या भिंतीला हात टेकून म्हणाले, "अंधारी येतीय गं." उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला की पडायची भीती असते, हे नर्सिंगच्या पोरींना शिकवलेलं असतं. पण मंडपात सगळ्यांना खुर्चीत बसवूनच मोजतात. तात्यांचं तिथलं बीपी उत्तम आलं असतं.

मग गोळ्यांची पिशवी मागितली. कॅरीबॅग खाटेवर उलटी केली. तालुक्याचा डॉक्टर वेगळा, कराडचा वेगळा, मुलाने मुंबईत दाखवलेला तिसरा. दोन पाकिटं वेगळ्या रंगांची, नावंही वेगळी, पण चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत ॲमलोडिपिन. एकच औषध दोन नावांनी, दोन्ही रोज. या औषधाने काहींच्या पायांवर सूज येते. तात्यांच्या आली. सूज दिसली म्हणून कोणीतरी लघवी जास्त होण्याची गोळी दिली, ती तात्या रात्री जेवणानंतर घ्यायचे. म्हणून रात्रीतून चारदा उठणं, म्हणून अंधारी, म्हणून उंबरा. मी एकही गोळी बंद केली नाही, तो माझा अधिकार नाही. पिशवी आणि तात्या दोघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. मेडिकल ऑफिसरने दोनातली एक बंद केली, लघवीची गोळी आधी सकाळी घ्यायला लावली आणि सूज उतरल्यावर तीही थांबवली. तिन्ही डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर आलेलं पाहिलं. सगळी पिशवी कुणी पाहिली नाही, एवढंच.

माझं म्हणणं त्या पिशवीबद्दल आहे. ती दवाखान्यात येत नाही, घरी जाऊनच बघावी लागते. नवजात बाळासाठी हे आपण करतोच. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. ४२ दिवसांत सहा फेऱ्या. वजन, अंगावर पाजणं, नाळ, सगळं बघते, कार्डावर लिहिते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या घरी वर्षातून दोनदा तरी नर्स का जाऊ नये? एकदा मे महिन्यात, अंगण शेवाळायच्या आधी. एकदा दिवाळीनंतर, कारण थंडीत बीपी चढतं आणि म्हातारी माणसं गोधडीतून उठत नाहीत, चालणं बंद पडतं.

एका घराला पाऊण तास पुरतो. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, हे बघायला तर अर्धं मिनिट लागतं. नाही उठता आलं तर मांड्यांतली ताकद गेली समजायचं, आणि ती रोज दहा वेळा खुर्चीतून उठबस करून बऱ्याच जणांत परत येते. साखर असेल तर पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. कानात मळ आहे का. (आमच्या मावशींना सून "बहिरट झाल्यात" म्हणायची. डॉक्टरांनी मळ काढला, तर त्यांना शेजारची भांडणंसुद्धा ऐकू यायला लागली.) दातांचं विचारायचं, कारण दात नसले की जेवण चहा-बटरवर येतं. अशांना हुलग्याचं पिठलं, मऊ मुगाची खिचडी, चालत असेल तर अंडं, असं नेमकं सांगावं लागतं. नुसतं "पौष्टिक खा" म्हणून काही होत नाही. आणि लघवीचं, हळू आवाजात, सून बाहेर गेल्यावर. किती बायका रात्री उठायला नको म्हणून दुपारी चारनंतर पाणीच पीत नाहीत, हे दवाखान्यात कधीच कळत नाही. न्हाणीत घसरू नये म्हणून टाकलेलं गोणपाटच घसरतं, हेही घरी गेल्याशिवाय दिसत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट, असं लिहिलेलं आहे. पण अंथरुणाला खिळल्यावर जायचं, हा क्रमच मला उलटा वाटतो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगलंच आहे. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. खुब्याचं हाड मोडलं की पैसे आहेत, न्हाणीच्या वाटेवरच्या बल्बला नाहीत.

उपकेंद्रातल्या मुलींवर आणखी एक काम लादा, असं मी म्हणणार नाही. डोंगरी भागात ३००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, आणि तिथली मुलगी अर्धा दिवस मोबाइलमध्ये माहिती भरत असते. या फेऱ्या उपकेंद्रावर नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामात मोजल्या जाव्यात, आशाताईला बाळाच्या फेऱ्यांचा मोबदला मिळतो तसा याचाही मिळावा. फुकटात नको. फुकटचं काम पहिल्या वर्षी होतं, दुसऱ्या वर्षी फक्त रजिस्टरमध्ये होतं. मी स्वतः तशी रजिस्टरं तपासली आहेत, म्हणून सांगते.

म्हातारी माणसंही सहज ऐकत नाहीत. "सिस्टर, आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता काय तपासता?" हे मी दर दोन घरांआड ऐकते. तरी चपला काढून ओट्यावर बसलं, चहा घेतला की पिशवी बाहेर येते.

आमच्या वाडीत पंचाहत्तरीच्या पुढचे १९ जण आहेत, पेरांवर मोजून काढलेत. त्यांतल्या ११ जणांच्या घरी मी जाऊन आले. उरलेली आठ घरं वरच्या आळीत आहेत आणि माझेही गुडघे आता बोलतात. उपकेंद्रातल्या एखाद्या मुलीला सोबत यायचं असेल तर मी कधीही तयार आहे. फक्त मंगळवार नको, त्या दिवशी तिचं लसीकरण असतं.

– एक निवृत्त आरोग्य सहायिका, ता. पाटण, जि. सातारा